स्नायूंचा आजार आणि घरचा व्यायाम

पाच वर्षांचा मुलगा धावताना मागे पडतो. जिना चढताना कठडा धरतो. जमिनीवरून उठताना आधी जमिनीवर, मग गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर हात रोवत, स्वतःच्याच पायांवर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरदार असतात. इतक्या की पाहुणे कौतुक करतात. घरातील वडीलधारी मंडळी निष्कर्ष काढून मोकळी होतात : मुलगा आळशी आहे, रोज दहा-वीस बैठका मारायला लावा. काही महिन्यांनी रक्ततपासणी होते, क्रिएटिन कायनेजचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले आढळते, जनुकीय चाचणीत 'ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी'चे निदान होते आणि तेच घर एकदम दुसरे टोक गाठते. आता मुलाला काहीच करू दिले जात नाही. शाळेत कडेवरून, घरात खुर्चीवरून. खेळ बंद, चालणेही जवळजवळ बंद.

ही दोन्ही टोके मुलाचे नुकसान करतात. पहिल्याने स्नायू वेळेआधी झिजतात, दुसऱ्याने ते वेळेआधी आखडतात. मधली वाट अरुंद आहे. पण ती आहे, आणि तिचा बराचसा भाग रुग्णालयात नव्हे, तर घरातल्या पलंगावर आणि सतरंजीवर चालावा लागतो. फिजिओथेरपिस्टची भेट आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा होते. उरलेल्या दिवसांचे काम घरच्यांचे असते.

स्नायू आणि त्यांना आज्ञा देणाऱ्या मज्जातंतूंचे दीर्घकालीन आजार अनेक आहेत. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे विविध प्रकार, स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, शार्को-मारी-टूथ, मायस्थेनिया ग्रेव्हिस, एएलएस, पोलिओनंतर अनेक वर्षांनी उद्भवणारी दुर्बलता असे या कुटुंबाचे सदस्य. प्रत्येकाची प्रकृती निराळी असल्याने सर्वांना लागू पडेल असा व्यायामाचा एकच तक्ता देता येत नाही. यातील ड्युशेन हा बालवयातील सर्वाधिक आढळणारा गंभीर प्रकार. जन्मणाऱ्या सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. व्यायामाचे गणित समजून घेण्यासाठी त्याचेच उदाहरण उपयोगी पडते.

चढण्यापेक्षा उतरणे घातक

या आजाराचे कारण असलेले जनुक १९८६मध्ये आणि त्यापासून तयार होणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन १९८७मध्ये ओळखले गेले. स्नायुपेशीच्या आतला सांगाडा तिच्या बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवणे हे डिस्ट्रॉफिनचे काम. स्नायू आकुंचन पावताना बसणारा हिसका ते पेलते. ते नसले की रोजच्या हालचालींनीही आवरणाला बारीक चिरा पडतात, त्यातून कॅल्शियम आत शिरते आणि पेशी मरते. सुरुवातीला शरीर नव्या पेशी तयार करून तूट भरून काढते. पुढे ही दुरुस्ती थकते आणि मेलेल्या पेशींच्या जागी चरबी व तंतुमय ऊती साचू लागतात. भरदार पोटऱ्यांचे कोडे इथे सुटते.

स्नायूवर सर्वाधिक ताण केव्हा येतो, याचे उत्तर मात्र अनेकांना अनपेक्षित वाटते. स्नायू आखूड होत जोर लावतो त्या वेळी नव्हे, तर तो लांबत असताना भार रोखून धरतो त्या वेळी. जिना उतरताना, बैठकीत खाली जाताना, हातातले वजन हळूहळू खाली ठेवताना मांडीचे आणि दंडाचे स्नायू असेच काम करीत असतात. निरोगी माणूस सिंहगड चढून-उतरून आला की दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या भरून येतात, त्याचे मुख्य श्रेय चढणीला नव्हे, उतरणीला असते. निरोगी स्नायू ही इजा भरून काढतो आणि अधिक बळकट होतो. आपल्याकडचे सारे व्यायामशास्त्र, तालमीतल्या जोर-बैठकांपासून आजच्या जिमपर्यंत, याच तत्त्वावर उभे आहे. डिस्ट्रॉफिन नसलेल्या स्नायूला मात्र हे तत्त्व लागू होत नाही. तिथे इजा होते आणि भरपाई अपुरी पडते.

म्हणून या मुलांसाठी बैठका, दोरीवरच्या उड्या, ट्रॅम्पोलिन, जड डंबेल्स आणि जिन्यावरून वारंवार चढउतार हे वर्ज्य. सूर्यनमस्कारांबद्दल पालक हमखास विचारतात. त्यातील हातांवर भार घेत छाती जमिनीकडे नेण्याची क्रिया याच प्रकारात मोडते, त्यामुळे पूर्ण सूर्यनमस्कार जोमाने घालणे टाळलेले बरे. हात वर घेणे, पाठ सरळ ठेवून बसणे, संथ श्वसन असे सुटे भाग फिजिओथेरपिस्टला दाखवून करता येतात.

संशोधक काय सांगतात?

'अतिश्रमाने दुर्बलता वाढते' ही भीती जुनी आहे. पोलिओने अर्धवट निकामी झालेले स्नायू जादा व्यायामाने आणखी दुबळे झाल्याची नोंद १९५८मध्ये प्रसिद्ध झाली. चेहरा, खांदे आणि दंडांवर परिणाम करणाऱ्या डिस्ट्रॉफीत ज्या हाताचा वापर अधिक, तोच हात अधिक दुबळा झाल्याचे निरीक्षण १९७१मध्ये मांडले गेले. त्यानंतर बराच काळ डॉक्टरांचा कल विश्रांतीकडे राहिला आणि रुग्णांना 'जपून राहा' एवढाच सल्ला मिळत गेला.

या सल्ल्याला गंभीर धक्का कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दिला. सावकाश वाढणारे स्नायुविकार असलेल्या प्रौढांना त्यांनी १२ आठवडे घरी करण्याचा व्यायाम दिला. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम वजनाने रुग्णांची ताकद काहीशी वाढलेली आढळली. पुढच्याच वर्षी त्यांनी जड वजनांचे निष्कर्ष मांडले : जादा वजनाने जादा लाभ झाला नाही; उलट काही जणांत अतिश्रमाच्या दुर्बलतेची चिन्हे दिसली. या दोन अभ्यासांतील रुग्णसंख्या लहान असली, तरी 'मध्यम ठीक, जड नको' हे सूत्र तिथून रूढ झाले ते आजवर टिकून आहे.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८मध्ये बेकर डिस्ट्रॉफीच्या रुग्णांना (हा ड्युशेनचाच सौम्य भाऊ) १२ आठवडे स्थिर सायकल चालवायला दिली. त्यांची दमदारी वाढली आणि स्नायूंची हानी वाढल्याची चिन्हे आढळली नाहीत. ड्युशेनच्या मुलांबाबत नेदरलँड्समधील प्रयोग विशेष बोलका आहे. तेथे ३० मुलांपैकी एका गटाला पाय आणि हातांनी फिरवण्याची, मोटारीची मदत असलेली सायकल देण्यात आली. आठवड्यातून पाच दिवस, पाय १५ मिनिटे आणि हात १५ मिनिटे, असा २४ आठवड्यांचा कार्यक्रम होता. २०१३मध्ये निष्कर्ष आले. सायकल चालवणाऱ्या मुलांची हालचालींची क्षमता जवळपास तेवढीच राहिली, न चालवणाऱ्यांची घटली.

'तेवढीच राहिली' हे शब्द नीट वाचायला हवेत. व्यायामाने गेलेले स्नायू परत येत नाहीत आणि आजारही थांबत नाही. उपलब्ध अभ्यास थोडे आहेत, दिसलेले लाभ माफक आहेत. पण न वापरल्यामुळे जी ताकद जाते ती आजाराने नेलेल्या ताकदीपेक्षा वेगळी असते, आणि ती वाचवता येते. मुलाची पावले आणखी वर्षभर टिकणे, स्वतःच्या हाताने घास तोंडापर्यंत नेणे आणखी काही वर्षे जमणे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप असतो. घरच्यांच्या दृष्टीने ती मोठीच कमाई असते.

रोजचा पहिला व्यायाम : ताण देणे

ताकदीच्या व्यायामाबाबत मतभेद असतील, पण स्नायूंना ताण देण्याबाबत तज्ज्ञांत एकमत आहे. दुबळा स्नायू पूर्ण लांबीने वापरला जात नाही आणि आखूड होऊ लागतो, सांधा आखडतो. ड्युशेनमध्ये सर्वांत आधी टाचेचा शिरबंध आखडतो आणि मूल चवड्यांवर चालू लागते. नंतर गुडघ्यामागचे व खुब्याचे स्नायू, व्हीलचेअरवर आल्यावर कोपरे, मनगटे आणि बोटे. एकदा पक्का आखडलेला सांधा घरच्या व्यायामाने सुटत नाही. त्यामुळे मूल उत्तम चालत असतानाच, पालकांना त्याची गरजही वाटत नसताना, हे काम सुरू करावे लागते. अनेक घरांत नेमके तेव्हाच ते टाळले जाते.

या आजाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१०मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि २०१८मध्ये सुधारण्यात आल्या. प्रत्येक स्नायुगटाला आठवड्यातून किमान चार ते सहा दिवस ताण द्यावा, असे त्यात सुचवले आहे. व्यवहारात 'रोज' म्हटले की पाच दिवस होते, हे फिजिओथेरपिस्ट जाणून असतात.

टाचेसाठी मुलाला उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवावा. एका हाताने टाच तळव्यात धरावी, त्याच हाताचा कोपरापुढचा भाग मुलाच्या पावलाला टेकवावा, दुसऱ्या हाताने गुडघ्याच्या वर हलकेच आधार द्यावा. मग टाच खाली ओढत पाऊल नडगीच्या दिशेने न्यावे. पाऊल आत किंवा बाहेर वळता कामा नये. पोटरीत ओढ जाणवली की तेथेच थांबून १५ ते ३० सेकंद धरावे, हळूच सोडावे आणि पुन्हा करावे. ओढ हवी, दुखणे नको. हिसका तर मुळीच नको. मूल चेहरा वेडावाकडा करू लागले की मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर स्नायू सैल असतात, ती वेळ सोयीची.

गुडघ्यामागच्या स्नायूंसाठी एक पाय पलंगावर सरळ दाबून ठेवून दुसरा, गुडघा न वाकवता, वर उचलतात. खुब्यासाठीचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पालथे झोपणे. रोज वीस-तीस मिनिटे पालथे पडून टीव्ही पाहणे किंवा गृहपाठ करणे हा व्यायाम आहे, यावर मुलांचा विश्वास बसत नाही, तो आहे. खोल गेलेली गादी, झोपताना गुडघ्यांखाली उशी, तासन् तास पाय दुमडून बसणे या सवयी मात्र केलेले काम पुसून टाकतात. मांडी घालून जेवायला बसण्याची आपल्याकडची पद्धत मोडायला नको, पण जेवण झाल्यावर पाय लांब करायला हवेत. मूल जमिनीवरून मोठ्या कष्टाने उठू लागले की पाट सोडून खुर्ची धरावी.

रात्री पायाला लावायचे स्प्लिंट हा या व्यायामाचाच पुढचा भाग. पाऊल काटकोनात धरून ठेवणारे हे साधन मापाने बनवून घ्यावे लागते आणि मूल वाढेल तसे बदलावे लागते. चालत्या मुलाला ते दिवसा घालून चालवण्याचा हट्ट मात्र धरू नये. चवड्यांवर चालणे ही अनेकदा दुबळ्या मांडीने शोधलेली युक्ती असते. तिच्याच जोरावर मूल गुडघा न दुमडता उभे राहते. याच कारणाने टाचेच्या शस्त्रक्रियेचा निर्णयही घाईने घ्यायचा नसतो. टाच जमिनीला टेकली आणि चालणे गेले, असे घडू शकते.

स्टिरॉइड औषधांनी या मुलांचे चालणे लांबते, पण हाडे ठिसूळ होतात आणि वजन वाढते. त्यामुळे ताण देताना पाय उचलण्या-वळवण्यात हलका हात हवा. घरातली ओली फरशी, सैल पायपुसणे, न्हाणीघराचा उंबरा यांची व्यवस्था आधी लावावी. पडून पाय मोडणे हे अनेक मुलांच्या चालण्याचा शेवट ठरते. अस्थिरोगतज्ज्ञाला आजाराची कल्पना द्यावी, म्हणजे पाय आवश्यकतेपेक्षा अधिक काळ प्लास्टरमध्ये राहणार नाही.

पाणी, सायकल आणि सपाट रस्ता

ताण देण्याच्या जोडीला स्वतः केलेली हालचालही लागते. पोहणे सर्वांत निर्धोक. पाणी शरीराचा भार उचलते, हिसके बसू देत नाही. पाणी कोमट असावे, सोबत जाणते माणूस असावे. श्वसनाचे स्नायू दुबळे झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय छातीपर्यंतच्या पाण्यात उतरू नये. शहरांतील बऱ्याच सार्वजनिक तरणतलावांत उतरण्यासाठी उभ्या शिडीखेरीज दुसरी सोय नसते, ही अडचण खरी आहे. ज्यांना तलाव जमत नाही त्यांच्यासाठी खुर्चीसमोर ठेवायची पॅडलची छोटी सायकल चांगली. भार शून्यावर ठेवून पाच मिनिटांनी सुरुवात करावी. टेबलावर ठेवली की तिच्याने हातांचाही व्यायाम होतो. सपाट रस्त्यावरचे चालणे हा बिनखर्चाचा उपाय, परंतु थकण्याआधी परत फिरता आले पाहिजे.

थकवा मोजायचा कसा? बोलता येत असेल, पण गाणे म्हणणे जड जात असेल, तर श्रम पुरेसे झाले. खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी होते. स्नायू दुखत असतील, रोज जमणारे काम जमत नसेल, तर आदल्या दिवशीचा व्यायाम जास्त झाला होता. तो निम्म्यावर आणावा. व्यायामानंतरच्या २४ तासांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यांतील मायोग्लोबिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याचे ते लक्षण असते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शाळेलाही हे ठाऊक हवे. ही मुले आळशी ठरू नयेत म्हणून मित्रांच्या बरोबरीने धावतात आणि रात्री पायांच्या दुखण्याने झोपत नाहीत. क्रीडाशिक्षकांना डॉक्टरांची लेखी चिठ्ठी द्यावी. तीत केवळ 'खेळातून सूट' न लिहिता काय करता येईल तेही लिहिलेले असावे. गुणलेखक होणे किंवा शिट्टी धरणे हे मैदानाबाहेर एकटे बसण्यापेक्षा बरे.

इतर आजारांत काय?

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये स्नायू झिजत नाही, तर मज्जातंतूचा निरोप त्याच्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. वापराबरोबर ताकद उतरते, विश्रांतीने परतते. त्यामुळे औषधाचा अंमल असताना, सकाळच्या गारव्यात, मधे थांबत व्यायाम करावा. एप्रिल-मेच्या दुपारी तो टाळावा. शार्को-मारी-टूथमध्ये पावले व हात आधी दुबळे होतात आणि संवेदना कमी होते. तिथे तोल, पादत्राणे आणि तळव्यांची रोजची पाहणी महत्त्वाची. एएलएसची गती वेगवान असते, त्यामुळे तक्ता दर काही आठवड्यांनी बदलावा लागतो. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. ईसीजी व हृदयाची सोनोग्राफी झाल्याशिवाय दमछाक करणारा कोणताही व्यायाम सुरू करू नये, हे ड्युशेन व बेकरसह यातील अनेक आजारांना लागू आहे.

तेलाच्या मालिशीबद्दलही अनेक घरांत प्रश्न असतो. हलक्या मालिशीने आराम वाटतो, ती खुशाल करावी. ताकद त्याने वाढत नाही. जोरकस चोळण्याने अपायच होतो.

करणाऱ्याची पाठ

या सगळ्याचे ओझे बहुतेक घरांत एकट्या आईवर पडते. मूल दहा-बारा वर्षांचे होते, तेव्हा ते तीस-पस्तीस किलोंचे असते आणि आईची कंबर तक्रार करू लागते. पलंग कमरेइतका उंच असेल तर ताण देताना वाकावे लागत नाही. उचलताना मुलाला अंगाशी धरून, गुडघे वाकवून उचलावे. वडील, मोठे भावंड, आजोबा यांच्यात दिवस वाटून घेतले तर काम वर्षानुवर्षे चालते. एकीच्या अंगावर राहिले तर काही महिन्यांत बंद पडते. किशोरवयात मुलगा एक दिवस 'काय उपयोग?' असे विचारतोच. तेव्हा खोटी आशा दाखवण्यापेक्षा वेळ त्याला ठरवू देणे चांगले. क्रिकेटच्या सामन्यातल्या दर षटकाला एक ताण, असा करारही चालतो.

मार्गदर्शनासाठी मुंबईत हाजीअली येथे १९५५पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. मोठ्या शासकीय रुग्णालयांतही फिजिओथेरपी विभाग असतो. दर चार-सहा महिन्यांनी सांध्यांचे माप घेऊन तक्ता बदलून घ्यावा. जुन्या तक्त्यावर वर्षभर चालणे धोक्याचे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे. प्रमाणपत्राची खटपट लवकर केलेली बरी, कारण शाळा आणि परीक्षेतील सवलतींसाठी ते लागते.

व्हीलचेअर आली की व्यायाम संपला, अशी समजूत सर्वत्र दिसते. प्रत्यक्षात तेव्हा व्यायामाची जागा बदलते. पायांना ताण देणे चालूच ठेवावे लागते, कारण आखडलेले पाय बूट घालू देत नाहीत आणि रात्री कुशीवर नीट झोपू देत नाहीत. पाठ वाकू नये म्हणून खुर्चीचे माप नेमके हवे. खोकल्याचे बळ कमी होते, तेव्हा फुग्याच्या पिशवीने छाती पूर्ण भरण्याची आणि दोन्ही हातांनी पोट दाबून खोकायला मदत करण्याची पद्धत घरच्यांनी शिकून घ्यावी. सकाळी डोके दुखणे, रात्री वारंवार जाग येणे ही श्वसन अपुरे पडत असल्याची खूण असू शकते, ती व्यायामाच्या वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावी. आणि मनगट व बोटे रोज एकदा पूर्ण उघडून, तळहात टेबलावर पसरून धरावेत. विजेवर चालणाऱ्या खुर्चीची दांडी, मोबाइलचा पडदा आणि संगणकाचा माऊस यांना फार ताकद लागत नाही. उघडणारी बोटे लागतात.